रास बसली

आतल्या खोलीत धप्प असा आवाज झाला आणि गोपीनाथच्या हातातली बशी ओठांपाशी येऊन थांबली. आवाज फार मोठा नव्हता. भांडं पडल्याचा नव्हता, दार आपटल्याचा नव्हता. काहीतरी जड एकदम खाली बसावं, तसा होता. त्याच्या मागोमाग काही बोलणं नाही, कण्हणं नाही, कुणाची हाक नाही. मुलाची आई आवडाबाई समोरच्या पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी दाराकडे न बघताच हात हलवला. "काय नाय, तांदलाचं पोतं असंल. भिंतीला नीट टेकवून ठेवीतच नाय कोन," असं म्हणून त्या हसल्या. त्या हसल्या म्हणून त्यांचा थोरला मुलगा हसला, तो हसला म्हणून नवरा मुलगा रघु खाली बघून हसला, आणि सगळे हसताहेत म्हटल्यावर पाहुण्यानं काय करायचं? गोपीनाथही हसला. बशीतला चहा त्यानं एका घोटात संपवला.

तो शकूसाठी स्थळ बघायला आला होता. शकू त्याची सख्खी बहीण नव्हे. सहदेवची बहीण. सहदेव म्हणजे पलटणीतला त्याचा जोडीदार, खडवलीचा, सहा वर्षांपूर्वी काश्मीरात बर्फाखाली गेला तो. सहदेवचे वडील त्याच्याही आधी गेले होते. घरात आता दोन बायका, थोरलं पुरुषमाणूस नाही, म्हणून सहदेवच्या आईनं, गंगुबाईनं, गोपीनाथला ठाण्याहून बोलावून घेतलं होतं. तो ठाण्याला कचेरीत पट्टेवाला. साहेबाच्या दारापाशी स्टुलावर बसायचं आणि आत कोण जाणार, कोण नाही, ते बघायचं, एवढंच काम. "तू जाऊन बघ डोंबिवलीला," गंगुबाई म्हणाली होती. "तू पसंत बोललास की मी नारल देते. मना दुसऱ्या कोनाचा शबुद नको." गंगुबाईचा हा विश्वास गोपीनाथ सहा वर्षं अंगावर वागवत होता. दुसऱ्याचा कोट घालून फिरावं तसा. कुठं काचतो ते सांगता येत नाही आणि काढून देताही येत नाही.

घरात खोड काढण्यासारखं काही नव्हतं. डोंबिवलीला स्टेशनाजवळची जमीन घरं बांधणाऱ्यांना विकून या मंडळींनी नवं घर बांधलं होतं. लादी सिमेंटची, अजून तिला ओला वास येत होता. भिंतीवर घड्याळ, कोनाड्यात रेडिओ, रेडिओवर भरतकामाचा रुमाल. रघु छापखान्यात कामाला, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारा. आवडाबाईंच्या बोलण्यात तर साखर पेरलेली. सगळं कसं टणक, गुळगुळीत, जागच्या जागी. येताना उंबऱ्यातून आत पाऊल टाकल्या टाकल्या गोपीनाथनं टाच एकदा लादीवर आपटून बघितली होती, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी हलके. सवयीनं. लादी ठणठणीत वाजली होती. थोरल्या सुनेनं, लक्ष्मीनं, चहा आणून दिला तेव्हा तिनं मान वर केली नव्हती. पण परक्या पुरुषापुढं सुनेनं मान वर करू नये अशीच रीत, तेव्हा त्यातून काय वाचायचं? फक्त एक झालं. त्या आवाजानंतर कपबश्या उचलायला लक्ष्मी बाहेर आली नाही. आवडाबाई स्वतः उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि बश्या एकात एक घालून आत घेऊन गेल्या. हे गोपीनाथनं पाहिलं, आणि पाहून बाजूला ठेवून दिलं. मग सगळ्यांना रामराम करून, "कळवतो" म्हणून, तो बाहेर पडला.

खडवलीच्या गाडीला वेळ होता. तो फलाटाच्या अगदी टोकाला, जिथं उभं राहायला सावलीही नाही, तिथं जाऊन उभा राहिला. दुपारचं ऊन होतं, आणि त्याला थंडी वाजत होती. काय ऐकलंस तू, असं त्यानं स्वतःला विचारलं. पोतं. पोतं बसलं. पोत्यांचं आपल्याला काय नवल? जन्म झाला तो मिठागरात. ठाण्याच्या खाडीकाठी, कोपरीच्या खाली, बाप नाथा आगरात राबत असे, आणि त्याच्या मागं गोपीनाथ. उन्हाळाभर ओढून काढलेलं मीठ बांधावर रचून राशी करायच्या. पावसाच्या आधी त्या राशी गवतानं शाकाराव्या लागत, नाहीतर वर्षाचे कष्ट पहिल्याच सरीला खाडीत जायचे. शाकारायचं म्हणजे माणूस राशीवर चढला पाहिजे. नवी रास भुसभुशीत, पाय घातला की मांडीपर्यंत आत, आणि अर्धा डोंगर अंगावर. म्हणून पहिले आठ-दहा दिवस तिला कोणी शिवत नसे. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन खाऊन ती वरून कवच धरी. मग नाथा फावड्याच्या दांड्यानं तिला ठोकून बघायचा. डब्ब वाजली तर थांबा. ठण् वाजली तर बरं. आणि एखाद्या दुपारी, कुणी हात न लावता, राशीच्या पोटातून धप्प असा आवाज यायचा, रास चार बोटं खाली जायची, आणि बाप बांधावरून आनंदानं ओरडायचा, "बसली रं, बसली! चढा आता." तो आवाज म्हणजे बापाचं हसणं. तो आवाज म्हणजे आता भ्यायचं कारण नाही. गोपीनाथच्या कानांनी पहिलं काही शिकलं असेल तर ते हे.

गाडी आली. डब्यात चारदोनच माणसं होती. तो खिडकीशी बसला. कल्याण गेलं, आणि बाहेरची शेतं कापणी होऊन पिवळी पडली होती तरी त्याला ती पांढरी दिसायला लागली. पांढरं नीट दिसायला लागलं की पुढचं सगळं दिसतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून एरवी तो डोळे चोळायचा, बिडी पेटवायचा, शेजारच्याशी काहीतरी बोलायचा. आज बोलला नाही. पहिल्यांदा बर्फ पाहिलं तेव्हा सहदेव म्हणाला होता, "गोप्या, तुझ्या बापाचं मीठ हतं सांडलंय बघ." त्या दिवसापासून पलटणीत गोपीनाथचं नाव मीठवाला. बर्फातल्या गस्तीसाठी माणसं निवडली त्यात दोघंही निघाले. खाडीकाठची आणि भातसा नदीकाठची पोरं, गारा सोडून बर्फ म्हणून काही न बघितलेली. पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून चालायचं. स्की. चढताना त्यांच्या तळाला केसाळ कातड्याचे पट्टे ओढून लावायचे म्हणजे मागं घसरत नाही, उतरताना ते सोडून गुंडाळून कोटाच्या आत घालायचे. सहदेव पहिला महिना बसूनच उतरला. शिकवायला एक गढवाली हवालदार होता, बुटका, नाक जळून काळं झालेला. तो रोज एकच सांगे. बर्फ ऊपर से झूठ बोलता है. पहले खोदो, फिर बोलो. छातीएवढा खड्डा खणायचा आणि त्याच्या भिंतीवरून वरपासून खालपर्यंत हातमोजा काढून बोट फिरवायचं. कुठं बोट अडतं, कुठं आपोआप आत जातं. वर घट्ट लादी आणि खाली साखरेसारखं सुटं असेल तर त्या उतारावर पाऊल टाकायचं नाही, मग तीन तासांचा वळसा पडो की सहा. गोपीनाथचं बोट चांगलं होतं. खड्ड्यातले थर तो डोळे मिटून सांगायचा. हवालदार सहसा कुणाला चांगलं म्हणत नसे, त्यालाही तो चांगलं म्हणायचा नाही, फक्त पुढच्या माणसाकडे जायचा.

त्या दिवशी हवालदार नव्हता. तापानं खाली छावणीत निजून होता. फेब्रुवारी महिना, तीन दिवस वारा आणि बर्फ, चौथ्या दिवशी लख्ख ऊन. सहा जण गस्तीवरून परतत होते. दोन काळ्या खडकांच्या मधे एक उतार लागला, दोनेकशे पावलांचा, स्वच्छ, एक ओरखडा नाही. तो ओलांडला की छावणीचा धूर. नाही तर कड्यावरून वळसा, तीन तास. नाईक म्हणाला, मीठवाले, तू देख. गोपीनाथनं हातातली काठी उलटी धरून बर्फावर ठोकली. ठण्. दोन पावलं खाली जाऊन पुन्हा ठोकली. ठण्. मग पाठीवरचं फावडं काढलं. ते काढलं होतं, हे खरं. काढलं होतं आणि बर्फात खुपसलंही होतं. तेवढ्यात मागून सहदेव ओरडला, "आता हतं मीठ खनत बसनार काय रं? पाय गेलं माझं!" सगळे हसले. नाईकाला मराठी येत नव्हती, तोही हसला. गोपीनाथ हसला. फावडं पुन्हा पाठीवर गेलं. सहदेवचं हे वाक्य गोपीनाथनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोला, तुळसाला, सुद्धा नाही, आणि मरेपर्यंत सांगणार नाही. मेलेल्या माणसाच्या अंगावर आपली चूक ढकलायची म्हणजे काय, हे त्याला कळत होतं. पण ते वाक्य त्याच्या आठवणीतून निघत नव्हतं, आणि ते आठवलं की क्षणभर, अगदी क्षणभर, जिवाला बरं वाटायचं. त्या बरं वाटण्याची त्याला सगळ्यांत जास्त शरम वाटे.

असा उतार ओलांडताना कमरेला बांधलेली लाल दोरी सोडायची, म्हणजे ती मागं लांब सरपटत येते. माणूस दबला तर दोरी तरी वर सापडावी. काठ्यांच्या चामड्याच्या पट्ट्यांतून मनगटं काढून घ्यायची. एकेकानं जायचं. पहिला गोपीनाथ. शंभर पावलं गेला असेल नसेल, आणि पायाखाली, पोटातून, धप्प. पाय चार बोटं खाली गेले, आजूबाजूचं सगळं बर्फ त्याच्यासकट खाली गेलं, आणि पुन्हा सगळं स्तब्ध. दुसरा कोणी असता तर त्याच्या छातीत धस्स झालं असतं. हवालदारानं तर साफ सांगितलं होतं की असा आवाज आला तर मागं फिरा, ती खालची साखर मोडल्याची खूण. पण हवालदाराचं बोलणं एका हिवाळ्याचं होतं आणि बापाचं हसणं जन्माचं. गोपीनाथच्या छातीत आनंद झाला. खाडीचा वारा आला, बांध आला, बाप आला. बसली. तो सरळ पलीकडे गेला, खडकाला हात लावला, मागं वळला आणि उजवा हात उंच वर केला. या.

नाईक आला. तिसरा आला. चौथा सहदेव. हात वरच होता. शेवटच्या माणसापर्यंत तो वर ठेवायचा असतो. सहदेव पायाकडे न बघता त्या हाताकडे बघत येत होता, कारण पायाकडे बघितलं की त्याचा तोल जायचा, हे दोघांनाही माहीत होतं. मधोमध आला आणि उताराच्या वरच्या अंगाला, पाटीवर पेन्सिल ओढावी तशी, एका खडकापासून दुसऱ्या खडकापर्यंत रेघ उमटली. आवाज नंतर आला. आधी ती रेघ आणि मग अख्खा उतार, एका तुकड्यात, सहदेवसकट, हलला. सहदेवची नजर तेव्हाही हातावरच होती. लाल दोरी वावभर, दोन हात पसरावे इतकी, बर्फावर सापडली. ती धरून गोपीनाथनं फावड्यानं, मग स्कीच्या टोकानं, मग नुसत्या हातांनी खणलं. सहदेव सापडला तो पुरुषभर खाली, डोळे उघडे, तोंडात बर्फ. नाईकानं कागदावर लिहिलं, अचानक. आणि गोपीनाथच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तू खुद तो पहले गया था. खरंच होतं. स्वतः पहिला गेला होता. याच्यावर कुणी काय बोलणार? सहा वर्षं हे वाक्य तो रोज सकाळी कचेरीचा पट्टा बांधावा तसं बांधत आला होता, आणि दुपारपर्यंत ते सैल पडायचं.

खडवलीला तो उतरला तेव्हा उन्हं कलली होती. गंगुबाई अंगणात वाल निवडत बसली होती. शकू नदीवर धुणं घेऊन गेलेली. ओटीवर सहदेवची काळी ट्रंक होती, गोपीनाथनंच ती आणून दिली होती. तिची कडी मोडलेली, म्हणून गंगुबाईनं ती लाल दोरीनं बांधून ठेवलेली. तीच दोरी. म्हातारीला वाटे देवाची आहे, पोरानं कुठल्या तरी मंदिरातून आणलेली. ती सामानात आली तेव्हा गोपीनाथ काही बोलला नव्हता, आणि पुढं बोलणं जमलं नव्हतं. ट्रंकेवर सुपात नारळ ठेवला होता, हळद लावून, तयार.

"आलास? बस," गंगुबाई म्हणाली. "पानी पी आधी. दर साली त्याच्या तिथीला तुला जेवाया घालते तवा मी मनात बोलते, माझ्या पोराला ज्या हातांनी भाइर काढला ते हात जेवतान. आज त्याच हातांनी माझ्या पोरीचं होतंय." वालाचं सूप तिनं बाजूला सारलं. "बोल. कसं हाय घर?"

"घर चांगलं आहे, आये."

"पोर?"

"पोरगाही बरा."

"मंग पसंत बोल की."

आणि गोपीनाथला दिसलं की आपला उजवा हात मांडीवरून उठला आहे. पसंत म्हणताना माणूस हलवतो तसा, अर्धा वर. तो त्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं तो दुसऱ्या हातानं धरून खाली आणला.

"आये, मी बोलत नाही. तिथं आतून एक आवाज आला. धप्प असा. पोतं पडलं म्हणाले. मी विचारलं नाही. हसलो नुसता. नंतर थोरली सून, लक्ष्मी, बाहेर आली नाही. काही नसेलही. पण मी विचारलं नाही."

"एवढ्या आवाजाला भितोस तू? लढाईचा मानूस?"

मग त्यानं सांगितलं. फलाटावर जुळवून ठेवलेलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही. मिठाची रास सांगितली, बाप सांगितला, काठी, ठण्, खणायचं होतं आणि खणलं नाही ते. सहदेवचं वाक्य सांगितलं नाही. मी खणलं नाही, एवढंच म्हणाला. "माझ्या पायाखाली आवाज झाला होता. मला वाटलं, रास बसली. मी हात वर केला. माझा हात बघून तो आला, आये. नाईकानं नाही पाठवला. मी बोलावला." दोरी कसली तेही सांगितलं.

अंगणात एक कोंबडी वालाच्या सुपाशी येऊन टोचायला लागली. तिला गंगुबाईनं हाकललं नाही. नंतर ती उठली, चालत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणाच्या निवडुंगापाशी गेली, आणि तिथून वळून त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"दाखव," ती म्हणाली. "कसा केलास हात."

"आये, नको."

"दाखव मना. त्यानं बघितला, मी नको बघू?"

गोपीनाथ उठला. पाठ ओटीच्या खांबाला लावली आणि उजवा हात वर केला, उंच, बोटं उघडी. गंगुबाई त्या हाताकडे बघत चालायला लागली. अनवाणी, हळू, पायाखाली न बघता. सहा पावलं. सात. अंगणाच्या मधोमध येऊन ती थांबली.

"हतं?"

त्यानं मान हलवली.

ती तिथं उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसायला नजर हातावरून काढावी लागली असती. त्याचा खांदा दुखायला लागला. हात खाली घ्यावा असं त्याच्या मनात आलं नाही. शेवटच्या माणसापर्यंत वर ठेवायचा असतो. मग ती पुढं निघाली. सहदेवला जी पावलं चालता आली नव्हती ती चालून ती खांबापर्यंत आली, आणि त्याचं मनगट धरून तिनं हात खाली ओढला. तिच्या बोटांना वालाचा वास होता.

"उद्या डोंबिवलीला जाऊ," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "तू नि मी. त्या लक्ष्मीला इचारू, कसला आवाज झाला ता. ती सांगंपरत बसू." मग ती ओटीवर चढली, ट्रंकेवरचा नारळ उचलून तिनं पुन्हा कोनाड्यात ठेवला, लाल दोरीवर एकदा हात ठेवला आणि आत गेली. आत चूल पेटल्याचा धूर आला, भांड्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं नदीवरून शकू आली, डोक्यावर ओल्या धुण्याचं घमेलं. दादाला अंगणात उभा पाहून ती हसली. "दादा, भाइर काय उभा ऱ्हायलास? भात झालाय बघ, वास येतोय. चल ना जेवाया."

"आयेनं हाक नाही मारली अजून," गोपीनाथ म्हणाला, आणि तिथंच उभा राहिला.